उष्णता, पक्वता आणि वनस्पतींची प्रथिने

वैशाखातील दुपारी ऊन असह्य झाले म्हणजे गुरे झाडाच्या सावलीला येऊन उभी राहतात, पाखरे पानांच्या आड बसतात आणि माणसे दार लोटून घरात राहतात. ज्या झाडाचा आश्रय हे सर्व जीव घेतात त्या झाडाला मात्र कोठेच जाता येत नाही. बी जेथे रुजले तेथेच त्याला ऊन, थंडी व पाऊस सोसावा लागतो. यास्तव उष्णतेपासून रक्षण करण्याची जी काही व्यवस्था असेल ती झाडाने आपल्या पेशींच्या आतच उभारलेली असली पाहिजे.

या व्यवस्थेचा पहिला भाग सर्वांच्या परिचयाचा आहे. पाने आपल्या पृष्ठभागावरील सूक्ष्म रंध्रांवाटे पाण्याची वाफ बाहेर सोडतात आणि पाझरणाऱ्या माठाप्रमाणे स्वतःला गार ठेवतात. पण टोमॅटोसारख्या फळाला ही सोय नाही. त्याच्या सालीवर रंध्रे नसतात, वरून मेणासारखा थर असतो. झिलई दिलेल्या बरणीत पाणी गार होत नाही, त्याप्रमाणेच उन्हात लोंबणारे टोमॅटोचे फळ भोवतालच्या हवेपेक्षा १० अंशांनीही अधिक तापू शकते.

उन्हाळी टोमॅटो लावणाऱ्या शेतकऱ्यांच्या अनुभवास आणखी एक गोष्ट येते. कडक उन्हाळ्यात पिकलेली फळे लालभडक न होता पिवळट किंवा नारिंगी राहतात. वास्तविक उष्णता मिळाली तर फळ लवकर पिकावे अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. मग अति उष्णतेत त्याचे पिकणे अडते का? उष्णतेत तग धरणे आणि फळाने पिकणे या गोष्टी वरवर पाहता परस्परांशी संबंध नसलेल्या वाटतात. परंतु पेशीत डोकावून पाहिले असता एकाच कुळातील जनुके या दोन्ही कामांत गुंतलेली आढळतात. ती केव्हा जागी होतात, कोणाच्या आज्ञेने जागी होतात आणि त्यांना पुन्हा शांत कोण करते, हे या पुस्तिकेत पाहावयाचे आहे.

प्रथिनाची घडी

सजीवाच्या पेशीतील बहुतेक कामे प्रथिने करतात. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांच्या मण्यांची एक लांब माळ. ही माळ नुसती लोंबत राहिली तर तिच्या हातून काहीच घडत नाही. ती विशिष्ट रीतीने दुमडून तिची नेमकी घडी बसावी लागते. किल्लीचे दाते जसे कुलपात बसतात तशी घडी बसलेले प्रथिन आपल्या कामाच्या जागी बसते.

उष्णतेने ही घडी विस्कटते. अंडे उकडले म्हणजे त्यातील पारदर्शक द्रव पांढरा व घट्ट होतो. तेथे प्रथिनांच्या माळा उलगडून एकमेकींत अडकलेल्या असतात आणि अंडे थंड केले तरी त्या पूर्ववत होत नाहीत. वनस्पतीच्या पेशीत असे घडण्यास पाणी उकळण्याइतकी उष्णता लागत नाही. नेहमीच्या तापमानाहून १० ते १५ अंशांची वाढ झाली की काही नाजूक प्रथिनांच्या घड्या सैल होऊ लागतात. उलगडलेल्या माळा परस्परांना चिकटून त्यांचे गोळे बनले तर पेशीचे काम बंद पडते.

हे टाळण्यासाठी पेशीत काही खास प्रथिने असतात. आपल्याकडे नववधू प्रथम सासरी निघाली म्हणजे तिच्याबरोबर पाठराखीण देण्याची रीत होती. परक्या घरी ती वधूला सोबत करी, अडीअडचणीला सांभाळून घेई आणि काम झाले की माघारी येई. ती त्या घरची होऊन राहत नसे. ही खास प्रथिने नेमके असेच वागतात. उलगडू लागलेल्या माळेला ती धरून ठेवतात, भलत्या माळेला चिकटू देत नाहीत, तिची घडी पुन्हा बसण्यास साहाय्य करतात आणि मग बाजूला होतात. इंग्रजी शास्त्रीय वाङ्मयातही १९७८ पासून त्यांच्यासाठी याच अर्थाचा शब्द आला. येथेही त्यांना ‘पाठराखीण प्रथिने’ असेच म्हणू.

आकारमानाने त्यांचे दोन मुख्य गट पडतात. मोठ्या पाठराखिणींपैकी एकीचे वजन हायड्रोजन अणूच्या सुमारे ७०,००० पट असते. यावरून तिला ‘एचएसपी ७०’ असे नाव पडले आहे. ती पेशीतील ऊर्जा खर्च करून बिघडलेली घडी नीट करते. लहान पाठराखिणींचे वजन १५,००० ते ३०,००० पट एवढेच असते. त्यांना घडी बसविता येत नाही, पण उलगडलेली माळ त्या ऊर्जा न वेचता धरून ठेवतात आणि मोठ्या पाठराखिणींच्या स्वाधीन करतात. प्राण्यांच्या मानाने वनस्पतींमध्ये या लहान पाठराखिणींचे प्रकार पुष्कळ अधिक असतात. ज्याला पळून जाता येत नाही त्याने घरातच अधिक माणसे राखून ठेवावीत, तसाच हा प्रकार आहे.

एका फळमाशीपासून सुरुवात

या प्रथिनांचा माग प्रथम लागला तो वनस्पतीत नव्हे, तर फळांवर घोंघावणाऱ्या एका लहानशा माशीत. फेरुच्चो रितोस्सा हे इटालियन शास्त्रज्ञ या माशीच्या अळीच्या लाळग्रंथींतील रंगसूत्रे सूक्ष्मदर्शकाखाली तपाशीत होते. एकदा उबवणयंत्राचे तापमान कोणाकडून तरी वाढविले गेले आणि रंगसूत्रांवर नेहमीपेक्षा निराळ्याच जागी फुगवटे उठलेले त्यांना दिसले. रंगसूत्र जेथे फुगते तेथील जनुक त्या वेळी काम करीत असते. उष्णतेचा आघात होताच काही ठराविक जनुके काही मिनिटांत जागी होतात, असा याचा अर्थ होता. रितोस्सा यांनी हे निरीक्षण १९६२ मध्ये प्रसिद्ध केले. १९७४ मध्ये आल्फ्रेड तिस्येर व त्यांच्या सहकाऱ्यांनी या जनुकांपासून बनणारी प्रथिने ओळखली. त्यांनाच ‘उष्णताघात प्रथिने’ हे नाव मिळाले. आपल्या पाठराखिणींपैकी पुष्कळशा या प्रथिनांतच मोडतात.

वनस्पतींतही हीच घटना घडते हे १९८० च्या सुमारास दिसून आले. अमेरिकेत जो की यांच्या प्रयोगशाळेत सोयाबीनच्या कोवळ्या रोपांवर जे प्रयोग झाले ते अत्यंत बोधप्रद आहेत. २८ अंश सेल्सिअस तापमानात वाढलेली रोपे एकदम ४५ अंशांत दोन तास ठेवली तर मरून जात. पण तीच रोपे आधी दोन तास ४० अंशांत ठेवली आणि मग ४५ अंशांत नेली तर जगत. या दोन तासांत रोपांनी नेहमीच्या प्रथिनांची निर्मिती बरीच कमी करून उष्णताघात प्रथिने झपाट्याने तयार केलेली असत. सौम्य आघाताने रोप जणू सावध होते आणि तीव्र आघाताच्या तयारीस लागते.

जनुकाची कळ

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. उष्णता वाढली हे जनुकाला कळते कसे?

प्रत्येक जनुकाच्या अलीकडे डीएनएचा एक भाग असतो. जनुक चालू व्हावे की बंद राहावे हे त्याच्यावरून ठरते. त्याला जनुकाची कळ म्हणता येईल. उष्णताघात प्रथिनांच्या जनुकांची कळ अगदी ओळखू येण्याजोगी आहे. ग्वानीन, अडेनीन, अडेनीन हा तीन अक्षरांचा क्रम तीत ठराविक अंतराने, एकदा सुलट व एकदा उलट, असा पुन्हा पुन्हा येतो. माशी, यीस्ट, टोमॅटो, मनुष्य या सर्वांत ही कळ एकाच धर्तीची आहे. यावरून ही व्यवस्था किती प्राचीन असावी याची कल्पना येते.

ही कळ दाबणारे प्रथिन निराळे असते. त्याला ‘तापनियंत्रक’ म्हणू. तापनियंत्रक पेशीत नेहमीच थोडाफार असतो, परंतु शांततेच्या काळात पाठराखिणींनी त्याला धरून ठेवलेले असते. उष्णता वाढून इतर प्रथिनांच्या घड्या विस्कटू लागल्या की पाठराखिणींना तिकडे धाव घ्यावी लागते आणि तापनियंत्रक मोकळा सुटतो. मोकळे झालेले तीन तीन तापनियंत्रक एकत्र येतात, पेशीच्या केंद्रकात शिरून कळेला चिकटतात आणि जनुके चालू करतात. त्यामुळे नव्या पाठराखिणी भराभर तयार होतात. त्या पुरेशा झाल्या आणि बिघाड आवरला म्हणजे रिकाम्या झालेल्या पाठराखिणी पुन्हा तापनियंत्रकाला धरून बसतात व जनुके शांत होतात.

या योजनेत पेशीने तापमान मोजण्यापेक्षा तापमानाने झालेले नुकसान मोजलेले दिसते. नुकसान जितके, तितकी मदत, आणि नुकसान संपताच मदत बंद. टोमॅटोतही पाठराखिणी व तापनियंत्रक यांचे असे परस्परसंबंध असल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून स्पष्ट झाले. याशिवाय पेशीच्या पातळ आवरणात होणारा बदल, पेशीत शिरणारे कॅल्शियम अशा इतर खुणांवरूनही झाड उष्णता ओळखते, पण वरील मार्ग या सर्वांचा पाया आहे.

एक धनी, अनेक कारभारी

यीस्टमध्ये असा तापनियंत्रक एकच असतो. फळमाशीतही एकच. टोमॅटोत मात्र ते वीसहून अधिक आहेत. जर्मनीतील लुट्झ नोव्हर व त्यांच्या सहकाऱ्यांनी टोमॅटोतील पहिले तापनियंत्रक १९९० मध्ये वेगळे केले आणि पुढे कित्येक वर्षे त्यांचा अभ्यास केला.

त्यांच्या २००२ मधील प्रयोगाने या कारभाऱ्यांतील मुख्य कोण हे ठरले. ‘ए१’ या नावाचा तापनियंत्रक ज्यांत तयारच होणार नाही अशी टोमॅटोची झाडे त्यांनी बनविली. नेहमीच्या हवेत ही झाडे चांगली वाढली, त्यांना फुले-फळे आली. पण उष्णता वाढविताच झाडे व फळे दोन्ही लवकर खराब झाली, कारण पाठराखिणी पुरेशा तयारच झाल्या नाहीत. बाकीचे वीस कारभारी हजर असूनही ए१ ची उणीव भरून निघाली नाही. आघात होताच ए१ प्रथम जागा होतो आणि इतर जनुकांबरोबर ‘ए२’ या दुसऱ्या तापनियंत्रकाचे जनुकही चालू करतो. ए२ हळूहळू साठत जातो आणि उष्णता दीर्घकाळ टिकली तर पुढील कामाचा मोठा भार तोच उचलतो.

इतके कारभारी असण्याचे कारण पुढे लक्षात येते. झाडाला उष्णताघात प्रथिने केवळ उन्हाच्या वेळी लागत नाहीत. निरनिराळ्या अवयवांत, आयुष्याच्या निरनिराळ्या टप्प्यांवर त्यांची गरज पडते आणि अशा वेळी आज्ञा देणारे निराळे असतात. बियाचेच उदाहरण घेऊ. पक्व होताना बी सुकते. पाणी निघून गेल्यावर प्रथिनांच्या घड्या टिकविणे ही उष्णतेइतकीच कठीण परीक्षा असते. हवा गार असली तरी सुकणाऱ्या बियात लहान पाठराखिणी साठविल्या जातात. सूर्यफूल आणि अ‍ॅराबिडॉप्सिस या वनस्पतींत हे काम ‘ए९’ नावाचा केवळ बियातच आढळणारा तापनियंत्रक करतो. त्याला जागे करणारी गोष्ट उष्णता नसून बियाचे वय ही आहे.

म्हणजे ‘उष्णताघात प्रथिन’ हे नाव ती प्रथिने प्रथम कोठे सापडली एवढेच सांगते. त्यांचे कार्यक्षेत्र त्या नावापेक्षा विस्तृत आहे. फळ पिकताना हीच गोष्ट अधिक ठळकपणे दिसते.

पिकणे म्हणजे कुजणे नव्हे

फळ पिकते म्हणजे ते कुजण्याच्या वाटेला लागते, असा समज आढळतो. तो बरोबर नाही. पिकणे ही नव्या जनुकांच्या आज्ञेने चालणारी, क्रमबद्ध बांधणी आहे. आंब्याची अढी घातली असता एक आंबा पिकू लागला की शेजारचेही पिकू लागतात. याचे कारण फळातून बाहेर पडणारा इथिलीन हा वायू होय. पिकणारी फळे स्वतःच हा वायू तयार करतात हे १९३४ मध्ये गेन यांनी सफरचंदावर सिद्ध केले. इथिलीन हे वनस्पतीचे संप्रेरक आहे. टोमॅटोत त्याच्या जोडीने ‘रिन’ नावाचे एक नियंत्रक प्रथिन काम करते. या जनुकात दोष असलेला टोमॅटो १९६८ मध्ये नोंदला गेला. त्याची फळे आकाराने पूर्ण वाढतात, पण लाल व मऊ होतच नाहीत. दोष नेमका कोणत्या जनुकात आहे हे २००२ मध्ये उमगले.

पिकताना फळात दोन मोठे फेरफार होतात. पेशीभित्तिकांना सांधणारे पेक्टिन विकरांच्या साहाय्याने तुटू लागते आणि फळ मऊ पडते. त्याच वेळी हिरवी हरितलवके आपले हरितद्रव्य मोडून टाकतात, त्यांच्या जागी रंगलवके बनतात आणि त्यांत लायकोपीन हे लाल द्रव्य साठते. जुने घर पाडून त्याच जागी, त्यात राहत असतानाच, नवे बांधावे तसे हे काम आहे. अशा धांदलीत प्रथिने उघडी पडणे, नको तेथे चिकटणे, हानिकारक ऑक्सिजन-द्रव्ये निर्माण होणे हे धोके असतातच. म्हणून उष्णता नसतानाही पाठराखिणींची गरज भासते.

इस्रायलमधील संशोधकांनी २००५ मध्ये याचा एक सुंदर दाखला प्रसिद्ध केला. ‘एचएसपी २१’ ही हरितलवकात राहणारी लहान पाठराखीण आहे. पानांवर तापमानाबरोबर वाढणारा ऑक्सिजन-द्रव्यांचा मारा होतो, तेव्हा ती प्रकाशसंश्लेषणाच्या यंत्रणेचे रक्षण करते. हीच पाठराखीण फळ रंग बदलू लागले की, उष्णतेचा आघात नसतानाही, आपोआप तयार होते. ज्या झाडांत तिचे प्रमाण मुद्दाम वाढविले होते त्यांच्या फळांत रंगद्रव्ये नेहमीपेक्षा लवकर साठू लागली. म्हणजे ती केवळ राखण करीत नाही, तर हिरव्याचे तांबडे होण्यास हातभारही लावते.

दुसरा दाखला २००३ मधील आहे. अमेरिकेत अवतार हांडा यांच्या गटाने पिकत्या टोमॅटोत काम करणाऱ्या एका लहान उष्णताघात प्रथिनाच्या जनुकाचा अभ्यास केला. त्या जनुकाचा परिणाम टोमॅटोच्या रसाच्या दाटपणावर होतो असे आढळले. दिवसा फळ तापते तेव्हा पेक्टिन तोडणाऱ्या विकरांची घडी हे प्रथिन सांभाळत असावे, असा त्यांचा निष्कर्ष होता. रसाचा दाटपणा पेक्टिन किती तुटले यावर अवलंबून असतो. दुपारच्या उन्हात फळाला दिलासा देणारे प्रथिन अशा रीतीने कारखान्यातील रसाच्या दाटपणाशी जोडलेले आहे.

एकाच फळात चढ आणि उतार

यावरून पिकणे सुरू झाले की सर्वच उष्णताघात जनुके जोमाने काम करू लागतात, असे अनुमान कोणी काढील. वस्तुस्थिती निराळी आहे. टोमॅटोच्या सहाव्या रंगसूत्रावर लहान पाठराखिणींची तीन जनुके एकमेकांशेजारी वसलेली आहेत. त्यांच्यावरील संशोधन २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. पक्वतेच्या वाटेवर इथिलीनच्या प्रभावाने या जनुकांचे काम काही काळ मंदावते आणि इथिलीनची ही आज्ञा रिन या नियंत्रकामार्फत त्यांच्यापर्यंत पोहोचते, असे त्यात दिसून आले. फळ लाल करण्याच्या कामी जो नियंत्रक झटतो तोच या तीन पाठराखिणींना थोडा काळ बाजूला थांबवितो.

म्हणजे एकाच फळात, एकाच कुळातील काही जनुके चढतात तर काही उतरतात. यात विसंगती नाही. पाठराखीण प्रथिनांचा स्वभाव जुनी घडी टिकविण्याचा आहे. जेथे नव्या रचनेला आधार हवा तेथे त्यांना बोलावले जाते. जेथे जुनी रचना मोडूनच पुढे जावयाचे आहे तेथे त्यांची गर्दी अडथळा ठरू शकेल. कोणाला केव्हा बोलवावे आणि केव्हा थांबवावे, या निवडीतच नियमनाचे खरे मर्म आहे. प्रत्येक जनुकाच्या कळेवर एकाहून अधिक बोटे टेकण्याची सोय असते. तेथे तापनियंत्रकाचे बोट पोहोचते तसेच पक्वतेच्या नियंत्रकाचेही पोहोचते.

दोन आज्ञांचा झगडा

या दोन्ही आज्ञा एकाच वेळी आल्या तर काय होते? आरंभी ज्याचा उल्लेख केला त्या पिवळट टोमॅटोचे उत्तर येथे मिळते.

तापमान ३५ अंशांच्या पुढे गेले की फळात उष्णताघात जनुके जोरात चालू होतात आणि त्याच वेळी पक्वतेच्या अनेक जनुकांचे काम थंडावते. इथिलीनची निर्मिती घटते, पेक्टिन तोडणारी विकरे कमी पडतात आणि लायकोपीनची निर्मिती जवळजवळ थांबते. लायकोपीन तर ३० अंशांच्या वरच नीटसे बनत नाही. पिवळी-नारिंगी रंगद्रव्ये मात्र काही प्रमाणात बनत राहतात. म्हणून फळाचा हिरवा रंग जातो, पण लाल रंग चढत नाही. जीव वाचविणे आणि फळ पिकविणे यांत पेशी आधी जीव वाचविण्याची निवड करते.

ही निवड कायमची नसते हे विशेष. दोन-तीन दिवस ३८ अंशांत ठेवलेले फळ पुन्हा २० अंशांत आणले की उष्णताघात जनुके शांत होतात, पक्वतेची जनुके पुन्हा कामाला लागतात आणि फळ यथावकाश लाल होते. आग विझविण्यासाठी कामकरी मंडळींनी हातातील काम टाकून धावावे आणि आग विझताच पुन्हा आपापल्या कामावर यावे, तसे हे आहे.

उन्हाने दिलेली थंडीची ढाल

या ज्ञानाचा एक अनपेक्षित उपयोग शीतगृहात दिसून आला. टोमॅटो मूळचा दक्षिण अमेरिकेचा, उबदार हवेतील. हिरवे फळ फार थंड जागी ठेवले तर ते टिकते खरे, पण बाहेर काढल्यावर नीट पिकत नाही, सालीवर खड्डे व डाग पडतात आणि ते लवकर नासते. १९९१ पासून इस्रायलमध्ये सुझन लुरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखविले की, शीतगृहात ठेवण्यापूर्वी फळांना उष्णता दिली तर हा अपाय टळतो.

त्यांचा १९९६ चा प्रयोग विशेष मार्मिक आहे. काही फळे ४८ तास ३८ अंशांत ठेवून मग २१ दिवस २ अंशांत ठेवली. त्यांना थंडीचा अपाय झाला नाही. उष्णता न दिलेल्या फळांना मात्र तो मोठ्या प्रमाणात झाला. तापविताना तयार झालेली प्रथिने तीन आठवड्यांच्या थंडीनंतरही फळात शिल्लक होती. आणखी काही फळे तापविल्यानंतर २० अंशांत ठेवली. त्यांत ही प्रथिने लवकर नाहीशी झाली आणि पुढे थंडीत त्या फळांना अपाय झाला. जोवर पाठराखीण हजर तोवर संरक्षण, ती गेली की संरक्षण गेले. उष्णतेसाठी बोलावलेली पाठराखीण थंडीतही उपयोगी पडते, कारण उष्णता असो की थंडी, पेशीपुढील संकट मुळात एकच असते. प्रथिनांची घडी व पेशीची आवरणे जागेवर राहिली पाहिजेत.

शेतीच्या दृष्टीने

भारतात टोमॅटो जवळजवळ सर्व राज्यांत पिकतो. आंध्र प्रदेशातील मदनपल्ली, कर्नाटकातील कोलार, महाराष्ट्रातील नारायणगाव व पिंपळगाव बसवंत येथील बाजारांत त्याची मोठी उलाढाल होते. उन्हाळ्यात या पिकाला दुहेरी फटका बसतो. परागकण उष्णतेने निकामी झाल्यामुळे फुले गळतात व फळधारणा कमी होते, आणि जी फळे धरतात त्यांना रंग चढत नाही. पृथ्वीचे सरासरी तापमान वाढत असताना हा प्रश्न अधिक बिकट होणार हे उघड आहे. ए२ हा तापनियंत्रक परागकणांच्या रक्षणातही भाग घेतो असे आढळल्याने, उष्णता सोसणारे वाण शोधताना संशोधकांचे लक्ष त्याच्याकडे वळले आहे.

मग उष्णताघात जनुके सदैव चालू राहतील असे झाड तयार करावे, असा सोपा उपाय सुचतो. पण तो लाभदायक ठरत नाही. या प्रथिनांची निर्मिती खर्चाची असते, आणि तापनियंत्रक अतोनात वाढविलेल्या झाडांची वाढ खुंटते असे प्रयोगांत दिसले आहे. शिवाय फळाला पिकू द्यावयाचे तर काही पाठराखिणींना वेळेवर माघारी जाऊ दिले पाहिजे. म्हणून जनुक वेळेवर जागे होईल आणि वेळेवर शांतही होईल, असे वाण हवे आहे. निसर्गतः रानटी टोमॅटोंत व जुन्या वाणांत या कळांचे जे निरनिराळे नमुने आहेत त्यांचा शोध यासाठी मोलाचा आहे. टोमॅटोच्या बारा रंगसूत्र-जोड्यांवरील संपूर्ण जनुकीय लिपी २०१२ मध्ये अनेक देशांनी मिळून वाचली. त्यांपैकी पाचव्या रंगसूत्राचे वाचन दिल्लीतील भारतीय संस्थांनी केले. या लिपीत सुमारे ३५,००० जनुके आढळली आहेत. शेजारी शेजारी वसलेली जनुके व त्यांच्या कळा ओळखणे तिच्यामुळे सुकर झाले.

करून पाहावे

पक्वता व उष्णता यांचा झगडा शाळेतही पाहता येतो. हिवाळ्याच्या दिवसांत पूर्ण वाढलेले, पांढुरक्या हिरव्या रंगाचे, एकाच झाडावरील सहा टोमॅटो घ्यावेत. तीन फळे वर्गातील कपाटात, सुमारे २० ते २५ अंशांत ठेवावीत. उरलेली तीन एका खोक्यात ठेवून आत तापणाऱ्या तारेचा जुन्या पद्धतीचा लहान विजेचा दिवा शिक्षकांच्या देखरेखीखाली लावावा आणि तापमापकावर ३५ ते ३६ अंश दिसतील अशा बेताने झाकण उघडे-बंद करावे. रात्री दिवा बंद राहिला तर फरक कमी ठळक दिसेल, एवढे लक्षात असू द्यावे. दररोज दोन्ही ठिकाणचे तापमान व फळांचा रंग वहीत टिपावा. आठ-दहा दिवसांनी खोक्यातील फळे कपाटात आणून ठेवावीत आणि पुढील रंगही टिपीत जावे.

ज्या फळांचा रंग पिवळटावर अडला होता ती गारव्यात आल्यावर लाली धरू लागली, तर त्या बदलामागे काय चालले आहे हे वाचकास आता ठाऊक आहे. पाठराखिणी आपले काम आटोपून परत फिरल्या आहेत आणि फळाने अर्धवट राहिलेले काम पुन्हा हाती घेतले आहे.